काळजी केंद्राच्या माहितीपत्रकातली ‘व्यक्तिकेंद्रित सेवा’ प्रत्यक्षात कशी तपासावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. घरी आणि बाहेरही त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी एसटीत चौतीस वर्षे नोकरी केली. आधी वाहक म्हणून आणि पुढे निवृत्तीपर्यंत सांगली जिल्ह्यातल्या एका आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. चार वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचे निदान झाले आणि आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. अजूनही ते पहाटे चारला उठतात, दाढीचे सामान काढून बसतात आणि बाहेरच्या दाराला कुलूप दिसले की घाबरेघुबरे होतात, कारण त्यांच्या हिशेबाने पहिली गाडी फलाटाला लागायची वेळ झालेली असते आणि नियंत्रकाच्या खिडकीत कोणीच नसते.

गेल्या वर्षी माझे ऑपरेशन ठरल्यामुळे त्यांना वीस दिवसांसाठी एका काळजी केंद्रात ठेवावे लागले. केंद्र स्वच्छ होते, माणसे उद्धट नव्हती, जेवण वेळेवर मिळत होते. हे मुद्दाम लिहिते, कारण माझी तक्रार छळाची नाही. परंतु तिथे आंघोळीची वेळ सर्वांसाठी सकाळी सहाची होती, आणि ‘आंघोळीच्या वेळी अंगावर धावून येतात’ असा शेरा चौथ्याच दिवशी अण्णांच्या कागदावर पडला. त्यानंतर त्यांना शांत ठेवण्याचे औषध सुरू करण्यात आले. ते आम्हाला कळले ते घरी आणताना हातात दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावरून. घरी आले तेव्हा अण्णा पाय ओढत चालत होते आणि दिवसभर पेंगत होते. त्यांच्या पिशवीत दुसऱ्याच कोणाचा तरी स्वेटर निघाला, आणि एका प्लास्टिकच्या पाकिटात, वर नावाची चिठ्ठी चिकटवलेले, त्यांचे एचएमटीचे घड्याळ. हरवू नये म्हणून पहिल्याच दिवशी ते मनगटावरून काढून कार्यालयाच्या कपाटात ठेवले होते, असे सांगण्यात आले. ज्यांनी घड्याळाकडे पाहून आयुष्यभर गाड्या सोडल्या, त्यांनी ते वीस दिवस कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता माझी स्वतःची प्रकृती पाहता त्यांना पुन्हा एखाद्या केंद्रात, आणि या वेळी कायमचे, ठेवण्याचा विचार करावा लागत आहे. तीन ठिकाणची माहितीपत्रके समोर आहेत आणि तिन्हींवर ‘व्यक्तिकेंद्रित सेवा’ हे शब्द छापलेले आहेत. एका ठिकाणी दूरध्वनीवर अर्थ विचारला, तेव्हा ‘प्रत्येकाला स्वतंत्र कपाट आणि वैयक्तिक लक्ष’ असे उत्तर मिळाले. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी किंवा यातून गेलेल्यांनी सांगावे, की या शब्दांचा खरा अर्थ काय, तो पाळला जातो की नाही हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे, आणि आपल्याकडे अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य तरी आहे का.

लेस्टरची परिचारिका

ताई, मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात ज्येष्ठांच्या निवासी केंद्रात सोळा वर्षे काम करते आहे. मूळची कोल्हापूरची. तुमचा घड्याळाचा मजकूर वाचून थोडा वेळ थांबले आणि मग लिहायला बसले.

स्मृतिभ्रंशाच्या (डिमेन्शियाच्या; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) शुश्रूषेत ‘व्यक्तिकेंद्रित’ हा शब्द रुजवला तो ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या टॉम किटवुड या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात, म्हणजे १९९८ मध्ये त्याचे निधन होईपर्यंत, त्याने एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने मांडली. रुग्णाचे जे बिघडलेले वागणे आपण सरसकट मेंदूच्या आजाराच्या खात्यावर टाकतो, त्यातले बरेचसे त्याच्याशी आजूबाजूची माणसे ज्या रीतीने वागतात तिच्यातून आलेले असते. अशा वागण्याचे सतरा प्रकार त्याने नोंदवले. त्यांत धमकावणे, चेष्टा करणे, लहान मुलासारखे वागवणे हे उघड प्रकार आहेतच. पण समोरच्याला झेपणार नाही इतक्या वेगाने बोलणे किंवा कामे उरकणे, त्याच्या देखत त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखे बोलणे, तो जे करत आहे ते मध्येच तोडणे, हेही आहेत. हे सारे दुष्ट माणसेच करतात असे नाही, चांगल्या मनाची माणसे गडबडीत करतात, हे त्याने आवर्जून सांगितले. तुमच्या त्या केंद्रात नेमके हेच घडले असावे असे मला वाटते. घड्याळ काढून ठेवणारीने ते जपण्यासाठीच काढले. फक्त आपण घड्याळ जपत आहोत की माणूस, हा प्रश्न तिला कोणी शिकवला नव्हता.

आंघोळीचेही तसेच पाहा. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, तो भराभर सदऱ्याची बटणे काढतो आहे आणि काय चालले आहे ते कळायच्या आत अंगावर पाणी पडते. अशा वेळी तुम्ही किंवा मी काय करू? हात उगारूच. त्या उगारलेल्या हाताला आमच्या नोंदवहीत पूर्वी ‘आक्रमक वर्तन’ म्हणत असत. आता निदान आमच्या केंद्रात तरी, तो हात काय सांगतो आहे ते आधी लिहावे लागते.

इंग्लंडमध्ये हे सगळे कायद्यात आहे. सेवा देणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेसाठी २०१४ ची जी नियमावली आहे, तिच्यातला नववा नियम व्यक्तिकेंद्रित सेवेचाच आहे, आणि केअर क्वालिटी कमिशन हे नियामक मंडळ तपासणीला येते तेव्हा तो नियम पाळला जातो का ते पाहते. त्याच वर्षीच्या केअर ॲक्टनुसार स्थानिक प्रशासनाच्या मदतीस पात्र ठरलेल्या माणसाच्या नावाने स्वतंत्र रक्कम ठरते, आणि तो घरी राहत असेल तर ती स्वतःच्या हातात घेऊन मदतनीस स्वतः नेमण्याची मुभाही असते. इतके असूनही कागद एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, असे इथेही होते. मी पूर्वी ज्या केंद्रात होते, तिथे एक गुजराती आजी आल्या. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले तेव्हा लेस्टरला आलेल्या कुटुंबांपैकी त्या होत्या. त्यांच्या योजनेची फाइल अकरा पानांची होती आणि तिच्यात धर्म, आहार, भाषा सगळे भरलेले होते. तरी आजी सकाळचे काही खात नव्हत्या. वजन उतरू लागले, तेव्हा भूक कमी असल्याची नोंद झाली आणि पोषक पेयाच्या बाटल्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी त्यांची सून सहज बोलता बोलता म्हणाली, की बा आंघोळ करून दिवा लावल्याशिवाय कधी तोंडात पाणीही घेत नसत. त्यांच्या आंघोळीची पाळी आम्ही अकराला लावली होती. ती सातला आणली, खऱ्या ज्योतीला परवानगी नव्हती म्हणून विजेवरचा दिवा ठेवला, आणि आठव्या दिवशी आजी दोन थेपले खाऊन वर चहा मागू लागल्या. फाइलमध्ये ‘हिंदू, शाकाहारी’ लिहिलेले होते, पण बा कुठेच नव्हत्या.

म्हणून पाहणीला जाल तेव्हा ‘तुम्ही व्यक्तिकेंद्रित सेवा देता का’ असे विचारू नका, कारण उत्तर ठरलेले आहे. ‘इथे राहणाऱ्या कोणा एकासाठी तुम्ही तुमच्या रोजच्या क्रमात शेवटचा बदल कोणता केला?’ असे विचारा. खरोखर करणाऱ्याला दोन-चार प्रसंग लगेच आठवतात, आणि न करणारा धोरणाविषयी बोलू लागतो. अकरा वाजता जाऊ नका. ती दाखवायची वेळ असते. सकाळी सातला किंवा दिवेलागणीला जा, कारण स्मृतिभ्रंशाच्या माणसांची घालमेल संध्याकाळी वाढते आणि नेमकी त्याच वेळी पाळी बदलते. जमले तर दिवाणखान्यात वीस मिनिटे नुसते बसा आणि किती जणांच्या हाताला काही काम आहे ते पाहा. टीव्हीसमोर खुर्च्या ओळीने मांडलेल्या आणि सगळ्यांचे हात मांडीवर, हे चित्र दिसले तर मला मार्बलची फरशी दाखवू नका, असे मी म्हणेन.

आणि अण्णांविषयी एक पान तुम्हीच लिहून द्या. इथल्या अल्झायमर्स सोसायटीची ‘धिस इज मी’ नावाची अशी एक पत्रिका आहे. रुग्णालयात किंवा केंद्रात जाताना ती माणसासोबत जाते. तिच्यात आजाराचा इतिहास नसतो. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने चीड येते, कशाने जीव रमतो, झोपताना दिवा हवा की नको, असे असते. तुम्ही मराठीत लिहा, पण एका पानापेक्षा जास्त नको. रात्रपाळीचा माणूस दुसरे पान उलटत नाही.

जुना समाजसेवक

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून माझी सगळी नोकरी गेली. परिचारिकाताईंनी लिहिलेल्या गोष्टींत भर घालण्यापूर्वी गोळ्यांविषयी बोलायला हवे, कारण मूळ प्रश्नातला मला सर्वांत गंभीर वाटलेला भाग तोच आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध माणसाला ‘शांत’ करण्यासाठी अनेकदा जी औषधे दिली जातात, ती मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठी बनलेली असतात. या रुग्णांत त्यांच्यामुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. इंग्लंडमध्ये सरकारने २००९ मध्ये प्रा. सुबे बॅनर्जी यांच्याकडून अहवाल करून घेतला. त्यात असा अंदाज होता, की वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ही औषधे दिली जातात, त्यांपैकी फार तर ३६ हजारांना काही फायदा होतो, आणि सुमारे १,८०० जादा मृत्यू या वापरामुळे घडतात. पाय ओढत चालणे, अंग ताठणे, पेंगणे, पडणे हे या औषधांचे ओळखीचे परिणाम आहेत. ही औषधे कधीच देऊ नयेत असे मी म्हणत नाही. माणूस स्वतःला किंवा इतरांना खरोखर इजा करू लागला आणि बाकी उपाय थकले, तर डॉक्टर थोड्या मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी ती देतात. पण ‘बाकी उपाय’ म्हणजे काय, ते कुटुंबाने विचारले पाहिजे. लघवीचा जंतुसंसर्ग पाहिला का, पोट साफ होते का, गुडघा किंवा दात दुखतो का, कानात मळ साठला आहे का, चष्मा कोणाचा लावला आहे? हसू नका, मी एका आजोबांना महिनाभर शेजारच्या पलंगावरच्या बाईंचा चष्मा लावून बसलेले पाहिले आहे. केंद्रात दाखल करतानाच लेखी द्या, की मेंदूवर परिणाम करणारे कोणतेही नवे औषध कुटुंबाला कळवल्याशिवाय सुरू करू नये, आणि अपवाद म्हणून सुरू करावे लागलेच तर त्याच दिवशी कळवावे. अण्णांच्या सध्याच्या गोळ्या मात्र कोणीही मनाने बंद करू नयेत. त्यांच्या डॉक्टरांकडूनच फेरतपासणी करून घ्यावी.

‘आपल्याकडे हे व्यवहार्य आहे का’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला लेस्टरपर्यंत जावे लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. पुढे ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेचे रुग्णालय उभे करायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी गोंड आदिवासींनाच विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही आणि तुम्हाला तो कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, तिथे आप्तांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, आणि जिथे आमचा देव नाही तिथे बरे कसे वाटेल, अशा धर्तीची उत्तरे आली. म्हणून शोधग्राममधले रुग्णालय गोंडांच्या पाड्यासारखे झोपड्यांचे बांधले गेले, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. त्या काळी ‘व्यक्तिकेंद्रित’ हा शब्द आपल्याकडे कोणी वापरत नव्हते. विचारणे आणि उत्तराप्रमाणे भिंत हलवणे, इतकेच त्यांनी केले. फरक एवढाच लक्षात घ्यावा, की तिथे प्रश्न एका समाजाला विचारला गेला होता. इथे तो एकट्या अण्णांना विचारायचा आहे, आणि त्यांचे उत्तर शब्दांत येईलच असे नाही.

कायद्याचेही थोडे सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ माणसाला, त्याची निर्णयक्षमता शाबूत असताना, आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. अण्णांच्या बाबतीत आगाऊ निर्देशाची वेळ बहुधा निघून गेली आहे. पण हा धागा वाचणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या लोकांनी आपापल्या मुलांना डोळ्यांसमोर आणून हा कायदा एकदा वाचावा.

तेरावा पेशंट

माझे म्हणणे जरा कडू वाटेल, तरी लिहितो. आईला मी सहा वर्षे घरी सांभाळले. त्यात घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या अकरा बायका झाल्या, आणि शेवटची दीड वर्षे आई एका केंद्रात होती. त्या केंद्रात रात्री चोवीस जणांमागे दोन माणसे असत. दोघांपैकी एक जण कोणाचे तरी अंथरूण बदलत असे, म्हणजे उरलेल्या तेवीस जणांना मिळून एक. अशा ठिकाणी पहाटे चारला उठणाऱ्या अण्णांसोबत दाढीला कोण बसणार? वरची दोन्ही उत्तरे मला पटली. फक्त त्यांत एक माणूस गाळला गेला आहे, तो म्हणजे बारा-बारा तासांची पाळी करणारी मावशी. माझ्या आईला सांभाळणारी एक मावशी सकाळी आठच्या पाळीसाठी पाच पंचेचाळीसची लोकल पकडत असे, महिन्याला दोन सुट्ट्या, आणि एक पेशंट दगावला की दुसरा येईपर्यंत पगार नाही. ती म्हणायची, ‘दादा, आमच्याकडे बारा पेशंट, आणि तेरावी मी.’ तिचे नाव तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. हाक ‘ए मावशी’ अशीच जायची. जिला कोणी नावाने हाक मारत नाही, तिने सर्वांना त्यांच्या आवडत्या नावाने हाक मारावी, ही अपेक्षा मला थोडी विनोदी वाटते.

म्हणून कृष्णाकाठ यांना माझा सल्ला असा, की संचालकांशी बोलून झाले की काम करणाऱ्यांना विचारावे, ‘तुम्ही इथे किती वर्षे आहात?’ चारांपैकी तिघे सहा महिन्यांच्या आतले निघाले, तर तुमचे ते एक पान दर तिमाहीला नव्या माणसाच्या हातात जाणार. रात्री किती जणांमागे किती माणसे, हा आकडा तोंडी घेऊ नका. पाळ्यांचा तक्ता पाहायला मागा.

दुसरी गोष्ट. आईला मधुमेह होता आणि तिला रोज जिलेबी हवी असायची. तिच्या इच्छेला मान द्यायचा तर जिलेबी द्यायची. मग साखर चारशेवर गेली की डॉक्टर मला फैलावर घेणार. हे ‘व्यक्तीच्या मनाप्रमाणे’ प्रकरण कुठवर न्यायचे, हे कोणी सांगत नाही.

लेस्टरची परिचारिका

मावशींचा मुद्दा मी आधी लिहायला हवा होता, माझे चुकले. किटवुडनेही हेच म्हटले होते, की ज्या संस्थेत काम करणाऱ्यांना माणूस म्हणून वागवले जात नाही, तिथे राहणाऱ्यांना तसे वागवले जाणे अवघड आहे. आमच्याकडेही कर्मचाऱ्यांची ये-जा ही कायमची डोकेदुखी आहे.

जिलेबीबद्दल. व्यक्तिकेंद्रित म्हणजे मागेल ते देणे नव्हे. इंग्लंडच्या २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असे ठरवायचे नाही. आणि खरोखरच घेता येत नसेल, तर त्याच्या हिताचा निर्णय घ्यायचा, पण त्याच्या मोकळेपणाला कमीत कमी कात्री लावणारा. जिलेबीच्या परिणामांचा अर्थ कळणारी बाई ती खाणार असेल, तर तो तिचा प्रश्न आहे, मला आवडो वा न आवडो. कळत नसेल, तर बंदी आणि परात यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते. जेवणानंतर अर्धी जिलेबी, तिच्या आवडीच्या वाटीत, आणि त्या हिशेबाने डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेणे. शिवाय तिला रोज जिलेबीच हवी होती, की जिलेबी आणणारे कोणी हवे होते, हेही मी शोधले असते. तुम्ही शोधले नाही असे मला म्हणायचे नाही. सहा वर्षे घरी सांभाळणाऱ्याला मी काय सांगणार.

तेरावा पेशंट

जिलेबी वडील आणायचे, दर रविवारी, देवळातून येताना. हे मला आत्ता, तुमचा मजकूर वाचल्यावर सुचले.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण या मधल्या काळात तिन्ही ठिकाणी जाऊन आले.

पहिल्या केंद्रात सकाळी सातला गेले, तर ‘भेटीची वेळ अकराची आहे’ म्हणून फाटकावरच थांबवले. त्यांचे नाव यादीतून काढले. दुसऱ्या ठिकाणी ‘शेवटचा बदल कोणता केला’ हे विचारल्यावर संचालकांनी मला दहा मिनिटे योगवर्ग, संगीतोपचार आणि सणांचे फोटो दाखवले. वाईट माणूस नव्हता, पण मला एकही माणूस भेटला नाही, फक्त कार्यक्रम भेटले. तिसऱ्या केंद्राची इमारत जुनी आहे, रंग उडालेला आहे आणि जिना मला आवडला नाही. तिथल्या बाईंना तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्या थोडा विचार करून म्हणाल्या, ‘एक शिक्षिका आहेत, त्यांना दुपारी झोप नको असते. त्यांना आम्ही कालची वर्तमानपत्रे आणि लाल पेन देतो, त्या चुका काढत बसतात. पण सगळ्यांसाठी असे जमत नाही, खोटे कशाला सांगू.’ शेवटच्या वाक्यामुळे मी तिथे आणखी तासभर बसले. पाळ्यांचा तक्ता मागितला तर त्यांनी भिंतीवरचा दाखवला: रात्री चौदा जणांमागे दोघे. काम करणाऱ्या तिघींना विचारले. एक सात वर्षे आहे, एक तीन, एक नवी. नवीचे नाव बाईंनी मला ओळख करून देताना सांगितले, हेही नोंदवते.

अण्णांचे पान लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या आणि तरी ते दीड पान झाले. भावाने ते कापून एकावर आणले. त्यातला काही भाग इथे देते, कोणाला नमुना म्हणून उपयोग व्हावा यासाठी.

‘मला अण्णा म्हणावे. आजोबा म्हटलेले मला आवडत नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे येऊन बोलावे. मी पहाटे चारला उठतो, हा आजार नाही, ही माझी नोकरीतली सवय आहे. दाढी मी स्वतः करतो, आरसा खिडकीजवळ असावा. चहा बिनसाखरेचा, पण कपबशीत. आंघोळ दाढीनंतर आणि चहानंतर. आधी पायांवर तांब्याने पाणी घालावे, डोक्यावरून एकदम ओतू नये, आणि पंचा माझ्या हातात द्यावा. गाड्यांच्या वेळा विचारल्या तर मला आनंद होतो. “तुम्ही आता नोकरीत नाही” असे मला सांगू नये. माझे घड्याळ माझ्या मनगटावर असावे. ते हरवले तर कोणालाही जबाबदार धरणार नाही, असे माझ्या मुलीने खाली लिहून सही केली आहे.’

‘नोकरीत नाही असे सांगू नये’ यावर बाईंशी बराच वेळ बोलणे झाले, कारण मग खोटे बोलायचे का, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. ‘गाडी गेली’ असे म्हणणे त्यांना पटेना. शेवटी असे ठरले, की खोटे सांगायचे नाही आणि दुरुस्तही करायचे नाही. ‘पहिली गाडी कुठची असायची?’ असे विचारायचे. घरी मी ते आठवडाभर करून पाहिले. पाचपैकी तीन वेळा अण्णा बसले आणि सांगू लागले. दोन वेळा दाराशीच उभे राहिले.

त्यांच्या गोळ्यांची फेरतपासणीही झाली. डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत आणली आहे आणि पेंगणे बरेच कमी झाले आहे. पाय मात्र अजून पूर्वीसारखे उचलले जात नाहीत, म्हणून फिजिओथेरपी लावली आहे.

पुढच्या सोमवारपासून तिसऱ्या केंद्रात आठ दिवसांची चाचणी आहे. पहिल्या दोन रात्री मला तिथे राहायला परवानगी मिळाली आहे. आता प्रश्न एवढाच उरला आहे, की घड्याळाचा पट्टा जुना होऊन सैल झाला आहे आणि ते मनगटावरून निसटते. अण्णा नवा पट्टा लावू देत नाहीत. जुन्याच पट्ट्याला आणखी एक भोक पाडून देणारा सांगलीत कोणी माहीत असेल तर कळवावे.